व्हॉट्सअ‍ॅपवरील मागणी हिशेबात कशी उतरवावी?

गांधीबागेतील कापड दुकानदार असोत की मोमीनपुऱ्यातील कारागीर, आज मालाची मागणी व्हॉट्सअ‍ॅपवरही येते. पण संदेश म्हणजे हिशेबाची नोंद नव्हे. कोणाकडे किती बाकी आहे, हे शेकडो संदेश चाळून कळत नाही. त्यासाठी ते संगणकातील तक्त्यांत उतरवावे लागतात. एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांची ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. मायएसक्यूएल हे त्याच पद्धतीचे साधन असून ते मोफतही मिळते.

आम्ही चार तक्ते सुचवतो: ग्राहक, माल, मूळ संदेश आणि मागणी. मागणीच्या ओळीत ग्राहकाचे नाव-पत्ता न लिहिता फक्त त्याचा खातेक्रमांक लिहावा. पत्ता बदलला तर दुरुस्ती एकाच जागी होते. दर मात्र मागणीच्या ओळीतही लिहावा. नाहीतर उद्या भाव वाढला की जुना हिशेबही बदलेल.

व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘एक्स्पोर्ट चॅट’ने संभाषणाची मजकूर फाइल मिळते. ती आधी मूळ संदेशांच्या तक्त्यात जशीच्या तशी भरावी आणि तिच्यात खाडाखोड करू नये. पुढे वाद निघाला तर तीच कामी येते.

फाइल भरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, तारीख. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे फोनच्या मांडणीवर ठरते. आधी ते तपासावे.

दुसरी, लिपी. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हीच लिपीव्यवस्था निवडावी. जुन्या ‘यूटीएफ-८’मध्ये मराठी, उर्दू मजकूर बसतो, पण अंगठ्याचे चित्र बसत नाही. मग एक तर नोंद नाकारली जाते, नाहीतर चित्रापासून पुढचा मजकूर गळतो. नगांची संख्या त्या चित्रानंतर लिहिली असेल, तर तीही जाते.

तिसरी, दुबार नोंद. पुढच्या आठवड्यात फाइल पुन्हा काढली की जुने संदेशही पुन्हा येतात. म्हणून वेळ, पाठवणारा व मजकूर मिळून एक खूण ठरवावी. तीच खूण पुन्हा आली तर ओळ थेट भरू नये, बाजूला ठेवून स्वतः पाहावी. ग्राहकाने खरोखरच दोनदा माल मागितलेला असू शकतो.

सुरुवात एकाच ग्राहकाच्या एका महिन्यापासून करावी. तक्त्यातील बेरीज आपल्या वहीशी जुळली, तरच पुढे जावे. तोवर वही बंद करू नये.