विजेच्या तारांतील गुप्त दोष कसा शोधावा



मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र व खाडी यांच्यामध्यें वर्सोवा हें गांव आहे. तेथील कोळी लोक त्यास वेसावें असें म्हणतात. पावसाळ्यांत तेथील कोणत्याही घरीं मिठाची बरणी उघडून पाहावी. मीठ ओलें होऊन पाझरूं लागलेलें आढळेल. त्यावर कोणी पाणी ओतलेलें नसतें. हवेंतील ओलावा तें आपण होऊन ओढून घेतें. हेंच मीठ समुद्रावरील वाऱ्याबरोबर येऊन भिंतींवर, स्विचांच्या पेट्यांत व तारांच्या सांध्यांवर बसतें. उन्हाळ्यांत तें कोरडें असतें, तोंवर निरुपद्रवी असतें. पाऊस सुरू झाला म्हणजे त्याचा ओला थर बनतो, व त्या थरांतून वीज आडवाट काढूं लागते. दिवे पूर्वीप्रमाणेंच लागतात, पंखा फिरतो, आणि दोष मात्र भिंतींत दडून राहतो. तो कसा ओळखावा हें आम्ही आज सांगणार आहों. समुद्र ज्यांच्यापासून दूर आहे त्यांनींही हा धडा वाचावा. कारण गळकें छप्पर व ओली भिंत सर्वत्रच आहेत.

१. आवरणाचें काम

पाटाचें पाणी शेतांत पोहोंचावयाचें तर दोहों बाजूंचे बांध धड असले पाहिजेत. तांब्याची तार हा विजेचा पाट, व तिच्यावरील आवरण, ज्यास वायरमन इन्सुलेशन म्हणतात, तें त्याचा बांध होय. जुन्या घरांतील तारांवर रबर व त्यावर सुती वेष्टण असे. तें रबर काळानें वाळून तडकतें. आतां बहुतेक तारांवर पी.व्ही.सी.चें आवरण असतें. तें अधिक टिकाऊ खरें, परंतु सामान्य पी.व्ही.सी. सुमारें ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठींच केलेलें असतें. एकाच तारेवर तिच्या शक्तीबाहेर उपकरणें लावलीं म्हणजे ती तापते, व आवरण प्रथम मऊ, मग ठिसूळ होतें. उष्णता, ओल, खार, उंदराचे दांत व भिंतींत बेताल ठोकलेला खिळा हे त्याचे मुख्य शत्रू होत.

२. एका घरची हकीकत

एका पावसाळ्यांत आम्ही वर्सोव्यास एका कुटुंबाच्या घरीं गेलों होतों. तेथील फ्रीजला हात लावला असतां झिणझिण्या येत. घरच्या आजी आम्हांस म्हणाल्या, "तुम्ही पायांत चप्पल घाला, मग कांहीं होत नाहीं." अधिक चौकशी करतां असें कळलें कीं, पूर्वी बोर्डावरील संरक्षक कळ रोज सकाळीं पडत असे. त्या जाचास कंटाळून कोणा कारागिराकडून तिच्या तारा काढवून त्या परस्पर जोडून घेतल्या होत्या. तेव्हांपासून कळ पडत नाहीं म्हणून सर्व घर समाधानांत होतें. त्याच वेळीं आजींची लहान नात ओल्या फरशीवर अनवाणी धांवत होती. आम्हांस बोलणेंही सुचेना.

ती कळ म्हणजे आर.सी.सी.बी. तिचें काम समजण्यास वेसाव्याचाच दाखला घ्यावा. खाडींतून जितक्या होड्या बाहेर गेल्या तितक्या परत आल्या कीं नाहीं, हें किनाऱ्यावरील माणसें पाहत असतात. एक जरी कमी भरली तरी जिवाला घोर लागतो. फेजच्या तारेनें गेलेली वीज न्यूट्रलच्या तारेनें तितकीच परतते कीं नाहीं, हें ती कळ सतत ताडून पाहते. घरगुती कळ ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्यापूर्वीं किंवा तितका फरक पडतांच निमिषार्धांत वीज तोडते. फ्यूजला ही दृष्टि नाहीं. सहा अँपिअरचा फ्यूज ३० मिलिअँपिअरच्या दोनशें पट प्रवाह बिनतक्रार वाहूं देतो; आणि मनुष्याचें हृदय बंद पाडण्यास याहून पुष्कळच कमी प्रवाह पुरे होतो. म्हणून जी कळ वारंवार पडते ती खोडकर नव्हे. ती हांक मारीत आहे. तिला काढून टाकणें म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्यासच हांकलून देणें होय.

३. परीक्षेचा क्रम

दुसऱ्या दिवशीं परवानाधारक वायरमन आला. त्यानें जो क्रम धरला तो आम्हांस फार बोधप्रद वाटला, म्हणून तोच येथें देतों.

पहिली परीक्षा डोळ्यांची व नाकाची. मेन स्विच बंद करून त्यानें प्रत्येक पेटी उघडली. काळवंडलेला सांधा, हिरवट चढलेलें तांबें, जळका वास, फुगलेला गिलावा हीं सारीं दोषाचीं चिन्हें होत.

दुसरी परीक्षा अर्थिंगची. उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज आली तर तिला जमिनीकडे नेणारी तार ती हीच. खड्ड्यापाशीं तिचा सांधा गंजून तुटलेला निघाला. म्हणून कोठूनतरी गळालेली वीज जमिनीकडे जाण्याऐवजीं अर्थच्या तारेनें घरांतील सर्व उपकरणांच्या अंगावर पसरत होती. फ्रीज स्वतः निर्दोष होता! जेथें शॉक बसतो तेथेंच दोष असतो असें नाहीं, हें येथें ध्यानांत धरावें. वायरमननें प्रथम तो सांधा नीट केला. कारण अर्थिंग धड नसेल तर पुढील परीक्षाही फसवी ठरते.

तिसरी परीक्षा मेगरची. विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या एव्हरशेड व विग्नोल्स या कंपनीनें हें यंत्र प्रचारांत आणलें. टेस्टरचा दिवा इतकेंच सांगतो कीं येथें वीज आहे. आवरण किती मजबूत आहे तें त्यास सांगतां येत नाहीं. मेगर हा घरगुती तारांवर ५०० व्होल्टचा एकाच दिशेचा दाब घालून आवरणाचा रोध मोजतो. मेन बंद करून, सर्व उपकरणें व दिवे काढून, फेज व न्यूट्रल एकत्र करून त्यांचा अर्थशीं रोध पाहावा. नंतर फेज व न्यूट्रल यांचा एकमेकांशीं पाहावा. उपकरणें लावलेलीं राहिलीं तर त्यांतील नाजूक भाग त्या दाबानें बिघडतात. रोध एक मेगोहम, म्हणजे दहा लक्ष ओहम, यापेक्षां कमी नसावा असा दंडक आहे. धड तारांचा तर याच्या कित्येक पट भरतो. त्या घरीं कांटा शून्याजवळच राहिला.

चौथी गोष्ट दोषाची जागा शोधण्याची. घरांत विजेच्या आठ वाटा होत्या. वायरमननें चार सोडवून उरलेल्या चार मोजल्या; दोष असलेल्या चारांच्या पुन्हां दोन केल्या, व दोनांची एक. अशा तीन मापांत पाण्याच्या मोटारीची वाट सांपडली. मग त्या वाटेंतील मधली पेटी उघडून दोन तुकडे निरनिराळे मोजले. पेटीपासून मोटारीपर्यंतची तार चांगली, बोर्डापासून पेटीपर्यंतची वाईट. बाहेरील भिंतींतल्या नळींत पावसाचें पाणी सांचलें होतें, व त्यांत पट्टी गुंडाळलेला एक जुना सांधा भिजत पडला होता. तेथें बिनसांध्याची नवी तार ओढली, कळ पुन्हां जागेवर जोडली, आणि त्यानंतर ती पडली नाहीं.

येथें एक बारकावा आहे. पुष्कळ ठिकाणीं लहान कळ फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रलच्या तारेचें आवरण अर्थशीं मिळालें असेल तर सर्व लहान कळी बंद केल्या तरी आर.सी.सी.बी. पडूं शकते, व कारागीर तिलाच दोष देतो. म्हणून वाट सोडवितांना फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा सोडवाव्या.

४. लांबच्या तारांचा शोध

घरांत वाटा विभागतां येतात; परंतु तार जमिनीखालून शेंकडों मीटर गेली असेल तर सर्व जमीन कशी खणावी? तेथें मरे यांची वेटोळ्याची रीत कामीं येते. दोषी तारेचें दूरचें टोंक तितक्याच जाडीच्या एका चांगल्या तारेस जोडतात, व जवळच्या दोन टोंकांवर रोधांचा तराजू लावतात. तार ३०० मीटर असेल तर जाऊन येऊन वेटोळें ६०० मीटरांचें झालें. तराजूच्या दोन भुजांचें प्रमाण ३ ला १ असें जुळलें तर लहान भाग एकंदराचा चौथा हिस्सा; म्हणजे दोष दोषी तारेच्या जवळच्या टोंकापासून १५० मीटरांवर. तेवढेंच खणावें.

ही विद्या मनुष्यानें मोठी किंमत देऊन मिळविली आहे. १८५८ सालीं अटलांटिक समुद्रांत टाकलेली तारायंत्राची तार आवरण फुटल्यामुळें कांहीं आठवड्यांतच मुकी झाली. १८५९-६० सालीं तांबड्या समुद्रांतून कराचीकडे आणलेली तारही निकामी ठरली. तेव्हां चौकशी समिति बसली, व तिचा अहवाल १८६१ सालीं निघाला. समुद्रांत टाकण्यापूर्वीं तार पाण्यांत बुडवून तिचें आवरण मोजण्याचा परिपाठ त्या काळांत दृढ झाला. पुढें १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीनें मुंबई ते एडन तार टाकली, व ती उपयोगी पडली.

आज परदेशाशीं हिंदुस्थानचा बोलव्यवहार ज्या समुद्रतळच्या तारांतून चालतो, त्यांपैकीं अनेक वर्सोव्याच्याच किनाऱ्यावर येऊन लागतात. त्यांत निरोप कांचेच्या तंतूंतून प्रकाशानें जातो. तथापि वाटेंतील यंत्रांस वीज पुरविण्यास तांब्याची वाट असतेच, व तिच्यावर पॉलिथीनचें आवरण असतें. तें फाटलें कीं समुद्रच अर्थ बनतो. मग किनाऱ्यावरील अभियंते दाब व प्रवाह मोजतात आणि तांब्याच्या रोधावरून दोष किती दूर आहे याचा हिशेब करतात. वेसाव्याच्या भिंतींतील भिजलेला सांधा व खोल समुद्रांतील फाटलेली तार यांस नियम एकच आहे.

५. घरच्या माणसांनीं काय करावें

मेगर व तारांचें काम वायरमनचें आहे. तें स्वतः करूं नये. पण पुढील गोष्टी कोणासही साधतील. आर.सी.सी.बी.वरील परीक्षेचें बटण महिन्यांतून एकदां दाबून ती पडते कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळ नव्या मीटरांवर गळती दाखविणारा लहान दिवा असतो. तो लागलेला दिसल्यास वायरमनला सांगावें. तो नेहमीं गळतीमुळेंच लागतो असें नाहीं. दोन घरांचे न्यूट्रल एकत्र झाले तरी लागतो. परंतु तोही दोषच होय. मेगरचें माप दरवर्षीं वहींत तारखेसह लिहून ठेवावें. या वर्षीं ५०, पुढील वर्षीं २०, त्यापुढील वर्षीं ३ मेगोहम असें उतरत चाललें, तर तीन हा आंकडा दंडकांत बसत असला तरी तार खालावत आहे असें समजावें. आणि माप पावसाळ्यांतही घ्यावें. कोरड्या वैशाखांत निर्दोष दिसणारी तार श्रावणांत खरी कसोटीस लागते. नारळी पौर्णिमेस होडी समुद्रांत लोटण्यापूर्वीं कोळी तिच्या फळ्यांच्या सांधी बोटांनीं चांचपून पाहतो. बुडूं लागल्यावर नव्हे.

शेवटीं इतकेंच सांगतों. झिणझिण्या येतात त्यावर चप्पल हा उपाय नव्हे. चप्पल मोठीं माणसें घालतील; लेंकरूं घालणार नाहीं.

वाचकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. दिवा नीट लागतो, एवढ्यावरून तार निर्दोष आहे असें कां म्हणतां येत नाहीं?
२. फ्यूज व आर.सी.सी.बी. यांच्या कामांत काय भेद आहे?
३. फ्रीजला शॉक बसत असतां दोष मोटारीच्या तारेंत कसा निघाला?
४. आपल्या घरीं, शाळेंत व सभागृहांत संरक्षक कळ आहे काय, आणि ती कोणी जोडून टाकलेली तर नाहीं ना?