संगणक-कर्मचाऱ्याचा परदेशवास : कसबा पेठेच्या निमित्ताने एक अभ्यास

पुणे शहराची मूळ वस्ती म्हणजे कसबा पेठ. मुठेच्या काठची ही पेठ ग्रामदैवत कसबा गणपतीमुळे सर्वपरिचित असली, तरी तिची जडणघडण कारागिरांनी केली. तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, कागदीपुरा ही नावेच त्याची साक्ष देतात. पेशवाईत कोकणातून येऊन स्थायिक झालेल्या तांबटांना भट्टी लागे, ऐरण लागे आणि शेजारी बसणारा दुसरा तांबटही लागे. काम जेथे तेथेच घर, हा त्या काळातील पेठेचा नियम होता.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत याच पेठेतील वाड्यांतून आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून एक निराळा कारागीर तयार झाला. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली; त्यानंतर सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानाची योजना आली आणि हिंजवडी येथे औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञान नगरी वसविली. या कारागिराचे काम घरापासून दूर गेले. काहींचे तर सातासमुद्रापलीकडे गेले. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने निर्माण केलेला एच-१बी हा परवाना पुण्यातील अनेक घरांत घरगुती शब्द होऊन बसला. मात्र हा परवाना मालकाने अर्ज करून मिळवावयाचा असतो, त्याची वार्षिक संख्या मर्यादित असते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घालण्यात आल्याने ही वाट अधिकच अरुंद झाली.

दरम्यान २०२० साली एक वेगळीच घटना घडली. करोनाच्या साथीत शहरातील मध्यवर्ती पेठा बंद करण्यात आल्या आणि हिंजवडीचे काम वाड्यातील माडीवर होऊ लागले. काम घरी येऊ शकते, हे त्या वर्षी सिद्ध झाले. मग तेच काम लिस्बन किंवा क्वालालंपूर येथील घरी का होऊ नये, हा प्रश्न स्वाभाविकच पुढे आला. त्याला अनेक राष्ट्रांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’. मराठीत त्याला फिरत्या दूरस्थ कर्मचाऱ्याचा निवास परवाना म्हणता येईल.

परवाना कशाचा?

या परवान्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो परदेशातील नोकरीचा परवाना आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. यजमान देशातील कोणाचीही नोकरी करावयाची नाही, उत्पन्न त्या देशाबाहेरून यावयाचे आणि खर्च मात्र त्या देशात व्हावयाचा, अशी ही योजना आहे. पर्यटन ओसरलेल्या देशांना असा पाहुणा हवा होता. बार्बाडोस आणि एस्टोनिया यांनी २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आरंभ केला. क्रोएशिया, ग्रीस व माल्टा त्यांच्या पाठोपाठ आले. पोर्तुगाल, स्पेन व मलेशिया यांनी २०२२ मध्ये आणि इटली, जपान, दक्षिण कोरिया व थायलंड यांनी २०२४ मध्ये अशा योजना लागू केल्या.

उत्पन्नाच्या अटी पाहिल्या म्हणजे उत्साहाला आवर बसतो. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न मागतो. २०२५ साली ही रक्कम ३,४८० युरो, म्हणजे दरमहा साडेतीन लाख रुपयांच्या आसपास होती. स्पेनची अट किमान वेतनाच्या दुपटीची असून पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. मलेशियाने तंत्रज्ञान क्षेत्रातील व्यक्तीसाठी वर्षाला २४,००० डॉलरची मर्यादा ठेवली, ती पुण्यातील अनुभवी अभियंत्याच्या आवाक्यातील म्हणता येईल. थायलंड उत्पन्नाऐवजी पाच लाख बाथची शिल्लक दाखविण्यास सांगतो. जपानने वर्षाला एक कोटी येनची अट घातली आणि त्यापलीकडे ठराविक राष्ट्रांच्या नागरिकांनाच ही सोय दिली. २०२४ साली जाहीर झालेल्या त्या यादीत भारताचे नाव नव्हते. या रकमा वारंवार बदलत असल्याने त्या-त्या दूतावासाकडूनच खातरजमा करून घेणे इष्ट; दलालाच्या पत्रकावर विसंबणे धोक्याचे.

यापेक्षाही मोठी अडचण मालकाच्या पत्राची. ‘या कर्मचाऱ्यास परदेशातून काम करण्याची अनुमती आहे’ असे लेखी पत्र बहुतेक योजनांत लागते आणि पगारी नोकराच्या बाबतीत गाडे बहुधा येथेच अडते. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला, तर त्या देशाच्या कर आणि कामगार कायद्यांचे बंधन कंपनीवर येऊ शकते. ग्राहकाशी केलेल्या करारात माहिती कोणत्या देशातून हाताळावयाची, हेही पुष्कळदा ठरलेले असते. म्हणून कंपनी नकार देते, तेव्हा त्यामागे केवळ आडमुठेपणा असतो असे समजू नये. पत्र न मिळताच गुपचूप जाऊन काम करणारे मात्र नोकरी आणि परवाना दोन्ही गमावण्याचा धोका पत्करतात. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्यास ही अडचण कमी. त्याला ग्राहकांशी झालेले करार आणि बँकेचे उतारे दाखवावे लागतात.

नावाचा प्रश्न

परवान्याचा अर्ज लिस्बनसाठी असला, तरी त्याची पहिली कसोटी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि शाळेच्या दप्तरात लागते. कसबा पेठेत राहणाऱ्या अभियंत्याचा जन्म अनेकदा आजोळी, एखाद्या गावी झालेला असतो. जन्माची नोंद सापडते, परंतु बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. किंवा नोंदच नसते. अशा विलंबित नोंदीसाठी, एक वर्ष उलटून गेले असल्यास, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. त्याच दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढविले आहे. शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा तो मुख्य पुरावा झाला आहे. आज ग्रामपंचायतीत लिहिली जाणारी एक ओळ वीस वर्षांनी कोणत्या देशात वाचली जाईल, हे सांगता येत नाही.

मराठी नावाची रचना हाही एक कूट प्रश्न आहे. शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेली नावे दुसऱ्या. पदवीपत्रावर विद्यापीठाची रीत वेगळी. परदेशी अधिकारी वडिलांचे नाव हे अर्जदाराचेच दुसरे नाव समजतो. मग ते एका कागदावर असून दुसऱ्यावर नसेल, तर त्याच्या दृष्टीने या दोन व्यक्ती ठरतात. रोमन लिपीची भर निराळीच. ज्ञानेश्वर हे नाव कोणी ‘डी’ अक्षराने सुरू करतो, कोणी ‘जी’ने. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत माहेरचे नाव पदवीवर, सासरचे नाव आधारपत्रावर आणि दोहोंचे मिश्रण बँकेच्या खात्यावर, अशी स्थिती सर्रास आढळते. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील चूक विद्यार्थी शाळेत असेतोवर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर ते काम अतिशय जिकिरीचे होते. नाव खरोखर बदललेले असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी हा सर्वत्र मान्य होणारा आधार. मुख्याध्यापकांनी नववीतच पालकांकडून नावाचे रोमन स्पेलिंग लेखी तपासून घेतले, तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतील.

कागद निर्दोष असले, तरी ते परदेशात ग्राह्य धरले जाण्यासाठी प्रमाणित व्हावे लागतात. १९६१ च्या हेग करारान्वये दिल्या जाणाऱ्या ‘अपोस्टिल’ या प्रमाणनाची पद्धत भारतास २००५ पासून लागू आहे. जन्माचा, विवाहाचा किंवा पदवीचा दाखला आधी राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित होतो. जे देश या करारात नाहीत, त्यांच्या दूतावासाचे स्वतंत्र साक्षांकन लागते. पोलीस पडताळणीचा दाखला वेगळा.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने आखाती देशांत जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुरासाठी उत्प्रवासी संरक्षक नेमला. दहावी उत्तीर्ण व्यक्तीस त्याच्या अनुमतीची गरज पडत नाही. परिणामी, संगणक-अभियंता परदेशी जातो तेव्हा त्याचा करार कोणी वाचत नाही. सुशिक्षित माणूस आपले हित स्वतः पाहील, हे गृहीत आहे. ते नेहमीच खरे ठरते असे नाही.

कराची कसोटी

देश सोडला म्हणजे आयकर सुटला, ही समजूत महागात पडते. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा येथील रहिवासी ठरतो, ही १९६१ च्या कायद्यातील कसोटी २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. १ एप्रिलपासून मोजल्यास हे दिवस सप्टेंबरअखेर भरतात. त्यामुळे गणेशोत्सव आटोपून ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्याचे त्या संपूर्ण वर्षाचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र राहते. दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे : वर्षात ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकास यातील ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत मिळते. परंतु येथील नोकरी येथेच ठेवून नुसते राहण्याचे ठिकाण बदलणारा ‘नोकरीसाठी’ गेला असे म्हणावयाचे काय, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. निघण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

यजमान देशाचेही स्वतःचे नियम असतात. पोर्तुगालमध्ये १८३ दिवसांहून अधिक राहणारा तेथील कर-रहिवासी होतो. क्रोएशियाने मात्र अशा पाहुण्याच्या दूरस्थ कामाच्या उत्पन्नास आयकरातून सूट दिली. दोन्हीकडे कर द्यावा लागू नये यासाठी भारताने अनेक देशांशी करार केलेले आहेत. त्यांचा लाभ मागावा लागतो, तो आपोआप मिळत नाही. कोठेच कर न देण्याची वाट २०२० च्या वित्त अधिनियमाने बरीचशी बंद केली : भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असलेला आणि अन्य कोणत्याही देशात कर देण्यास पात्र नसलेला भारतीय नागरिक येथील रहिवासी मानला जातो.

मागे राहिलेले घर

कसबा पेठेतील जुन्या वाड्यांत मालकीचे हिस्सेदार अनेक असतात आणि भाडेकरूही. वाड्याची पुनर्बांधणी ठरली म्हणजे प्रत्येक वारसाची सही लागते. परदेशात असलेला एक हिस्सेदार सही देऊ शकला नाही, एवढ्या कारणाने टेकू दिलेली भिंत आणखी दोन पावसाळे तशीच राहते आणि तिच्याखाली इतर कुटुंबे राहतात. यासाठी जाण्यापूर्वीच विश्वासू व्यक्तीच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करून ठेवणे उत्तम. ते परदेशात करावयाचे झाल्यास भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. गावी शेतजमीन असेल, तर अनिवासी झाल्यावर पूर्वीची किंवा वारसाहक्काची जमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही, हेही तलाठी कार्यालयात विचारणाऱ्यांस सांगावे.

वाड्यात मागे राहतात ते बहुधा आईवडील. मुलगा पैसे पाठवितो, दररोज चित्रफोनवर बोलतो. पण जिना चढताना हात धरण्यास कोणी नसते. पालक व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ हा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा त्या कायद्यात दरमहा १०,००० रुपये ठेवलेली आहे. अर्थात, आदेश काढणे वेगळे आणि परदेशातील पत्त्यावर त्याची अंमलबजावणी करविणे वेगळे. निघण्यापूर्वी औषधोपचार, बँकेचे व्यवहार आणि रात्री-अपरात्री धावून येणारी व्यक्ती यांची लेखी व्यवस्था झाली, तर न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची वेळ सहसा येत नाही.

मतदानाचा हक्कही शिल्लक राहतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार परदेशी राहणाऱ्या नागरिकास पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविता येते. मत मात्र प्रत्यक्ष मतदान केंद्रावर येऊनच द्यावे लागते.

राहता राहिला परदेशात जन्मणाऱ्या अपत्याचा प्रश्न. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे, की अशा अपत्याचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदविला गेला आणि त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून दिले, तरच त्यास वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळते. त्यानंतरच्या नोंदीसाठी केंद्र शासनाची अनुमती लागते. अर्जासोबत आईवडिलांचे पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचा दाखला सादर करावा लागतो. हा दाखला १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळतो. त्यासाठी वधूवर आणि साक्षीदार यांना समक्ष हजर राहावे लागत असल्याने विवाहाची नोंद निघण्यापूर्वीच करून घेतलेली बरी.