मागचे हौसिंग बदलले, शाफ्टचे काय?



मोहरीच्या हंगामात आपल्या एका शेतकरी बांधवाची पिकअप पोती भरून भिंड रस्त्याने हजिऱ्याकडे येत होती. आठच दिवसांपूर्वी तिचे चिरलेले मागचे हौसिंग काढून दुसऱ्या बनावटीच्या गाडीचे जुने हौसिंग बसवले होते. शाफ्ट मात्र पहिलाच ठेवला. तो थोडा आखूड पडत होता, पण "बसला ना!" म्हणून सर्वांनी समाधान मानले. गतिरोधकावर गाडीची मागची बाजू उसळली आणि शाफ्ट सरकजोडातून निसटला. फिरत्या टोकाने ब्रेकची नळी तोडली. पोत्यांवर दोन माणसे व एक शाळकरी मुलगा बसला होता. गाडी हळू होती म्हणून सारे वाचले. आम्ही नंतर वाकून पाहिले, तेव्हा कळले की शाफ्टचा दातेरी दांडा जेमतेम दोन बोटे आत होता.

अशी गाडी पुष्कळांच्या दारी आहे. म्हणून हा विषय या वेळी घेत आहोत.

शाफ्टचे काम काय?

गिअरपेटीतली ताकद मागच्या चाकांकडे नेणारा पोकळ नळा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यात पाटे दबतात, हौसिंग वर-खाली होते. त्यामुळे शाफ्टचा कोन बदलतो, तो त्याच्या टोकांचे क्रॉस सांभाळतात. लांबीही थोडी बदलते, ती सरकजोड सांभाळतो. ट्रॅक्टरच्या पीटीओला रोटाव्हेटर जोडणाऱ्यांना ही रचना ओळखीची आहे.

दुसरे हौसिंग आले की पिनियनची जागा, उंची आणि कल बदलू शकतो. म्हणजे हौसिंग बदलणे हे काम एक नसून दोन आहेत. दुसरे काम शाफ्टचे, आणि तेच बहुधा राहून जाते.

विकत घेण्यापूर्वी

पिनियनच्या फ्लँजवरील भोकांची संख्या व अंतर, पाट्यांच्या बैठकांमधील अंतर, ब्रेकचे ड्रम आणि हँडब्रेकच्या तारा जुन्याशी जुळवून पाहाव्यात.

मग क्राऊन-पिनियनचे प्रमाण पाहावे. क्राऊनला 41 आणि पिनियनला 10 दाते असतील तर प्रमाण 4.1, पिनियनला 8 असतील तर 5.125. दाते न उघडताही हे कळते. एक चाक घट्ट धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि पिनियनचे फेरे मोजावेत. तेवढेच प्रमाण. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे व मागचे प्रमाण एकच हवे, नाहीतर यंत्रे एकमेकांशी झगडून मोडतात.

प्रमाण बदलले तर शाफ्टचा वेगही बदलतो. चाकाचा घेर 2.2 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला शाफ्ट 4.1 प्रमाणात मिनिटाला सुमारे 1,860 फेरे घेतो आणि 5.125 प्रमाणात सुमारे 2,330. वेग सव्वापट झाला की तोल बिघडलेल्या शाफ्टचा हादरा दीडपटीहून अधिक होतो. पूर्वी न जाणवलेला दोष आता जाणवू लागतो, तो असा.

बसवण्याची रीत

1. शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, कारण चाकांचा इंजिनाशी संबंध तुटलेला असतो. काही जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेकही शाफ्टवरच चालतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत व गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी जाऊ नये.

2. लांबीचे माप गाडीचा भार चाकांवर असतानाच घ्यावे. चाके लोंबकळत असताना घेतलेले माप खोटे ठरते. सरकजोड पूर्ण आत ढकलून मग सुमारे 1 इंच बाहेर ओढावा आणि त्या स्थितीत फ्लँज भिडते का ते पाहावे. आत जागा उरली नाही तर खड्ड्यात शाफ्ट गिअरपेटीला ठोसे मारील. फार बाहेर राहिला तर निसटेल. दांड्याच्या जाडीच्या दीडपट तरी भाग आत हवा.

3. माप जुळत नसेल तर नळा लेथवाल्याकडून कापून-जोडून घ्यावा किंवा योग्य लांबीचा शाफ्ट आणावा. वेल्डिंग झालेला शाफ्ट यंत्रावर तोल करून घेतल्याशिवाय बसवू नये. नळ्यावर चिकटवलेल्या लहान पट्ट्या तोलासाठीच असतात. त्या तोडू नयेत.

4. गिअरपेटीचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज शक्य तितके समांतर असावेत. एकच क्रॉस 20 अंशांवर वाकला तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 6 टक्के जलद व दोनदा तितकाच मंद होतो. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असले तर एकाचा दोष दुसरा झाकतो. कल पाणसळीने पाहता येतो. फरक असेल तर पाटे व हौसिंग यांमध्ये पोलादी पाचर बसवतात.

5. सरकजोड उघडला असेल तर दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत येतील असाच बसवावा. उघडण्यापूर्वी खडूने खूण केली तर चूक होत नाही.

6. क्रॉसच्या खोबणीतली लॉके नीट बसली का ते पाहावे, ग्रीस भरावे, बोल्टना नवे नट लावावेत. पहिल्या 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत.

प्रकृतीची काळजी

जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. फिरत्या शाफ्टजवळ पदर, मफलर किंवा सैल बाही नेऊ नये.

चालवून पाहणे

पहिली फेरी रिकाम्या गाडीने आणि हळू करावी. गाडी निघताना "टक" आवाज आला तर क्रॉस किंवा बोल्ट तपासावेत. विशिष्ट वेगालाच हादरा बसत असेल तर तोल व कोन पाहावेत. "चालता चालता बसेल" असे कोणी म्हणाले तर ऐकू नये.

कायदाही लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील बदलतील असे फेरफार मालकाने मनाने करता येत नाहीत. म्हणून त्याच बनावटीचे हौसिंग मिळत असेल तर तेच घ्यावे. शाफ्टचाही त्रास वाचतो.

शेवटी एवढेच. हौसिंग बहुधा जादा पोत्यांनी चिरते आणि त्याच पोत्यांवर आपण आपली मुले बसवतो. जुने हौसिंग घ्यायला निघाल तेव्हा शाफ्टचे माप व तोल यांचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. ते नसतील तर आठवडाभर शेजाऱ्याची गाडी मागा. शेजारी नाही म्हणणार नाही.