नुसतं ड्रॉइंग मेल केलं तर?

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी वर्कशॉप आहे. तोफेच्या एका सुट्या भागासाठी इटलीतल्या कंपनीने चौकशी केली आहे. माल नंतर जाईल. आत्ता फक्त ड्रॉइंग पाठवायचं आहे. परवाना लागेल का?

उत्तर : बहुधा लागेल, आणि तोही ड्रॉइंग पाठवण्याआधी. आपल्याकडच्या ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रण यादीतली कॅटेगरी 6 लष्करी सामग्रीची आहे. तिच्यात मालासोबत तंत्रज्ञानही येतं. पेटी न्हावा-शेवाला गेली काय किंवा पीडीएफ मेलने गेली काय, कायद्याच्या लेखी दोन्ही निर्यातच.

पहिलं काम म्हणजे भाग खास लष्करी वापरासाठी बेतलेला आहे का, हे ठरवणं. बाजारात मिळणारा साधा बोल्ट तोफेला बसवला म्हणून यादीत जात नाही. पण माप, टॉलरन्स, उष्णतोपचार हे सगळं त्या तोफेसाठीच ठरवलेलं असेल, तर पळवाट शोधू नका. कॅटेगरी 6 चा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. दुहेरी वापराच्या कॅटेगरी 8 साठी परकीय व्यापार महासंचालनालयाकडे (डीजीएफटी) जावं लागतं. अर्जासोबत अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र लागतं. मधल्या दलालाचं पत्र चालणार नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा.

मूळ ड्रॉइंग अमेरिकन कंपनीकडून आलं आहे का, तेही बघा. त्यावर ‘आयटार’चा, म्हणजे अमेरिकेच्या शस्त्र-निर्यात नियमांचा शेरा असेल, तर दिल्लीचा परवाना पुरत नाही; ते ड्रॉइंग तिसऱ्या देशाला देण्यासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची मंजुरी लागते. आणि हो, ड्रॉइंगं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची सवय आजच बंद करा.