नाकाच्या आत बघ

चि. सोनूस,


ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस, तीही ऐन कबड्डीच्या हंगामात. नाक मोडलेली माणसं आता तुझ्याकडे येतच राहतील. कुणाला कोपर लागलेलं असेल, कुणी दुचाकीवरून पडलेलं. चेहऱ्याच्या हाडांत सगळ्यांत जास्त मोडतं ते नाकाचंच. एखादी बाई ‘दार लागलं’ म्हणेल. नातेवाइकांना बाहेर बसवून, कुणी मारलं का, असं तिला एकटीला विचार, आणि ती बोलो न बोलो, जखमा केसपेपरवर नीट लिही.

आधी शुद्ध, श्वास आणि मान बघ. मग रक्त वाहत असेल तर पेशंटला पुढे झुकवून बसव आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरायला सांग. लोक हमखास डोकं मागे टाकतात. रक्त पोटात जातं आणि उलट्या होतात.

नातेवाईक एक्स-रे मागतील. साध्या मोडलेल्या नाकात त्याने उपचार सहसा बदलत नाहीत. तू टॉर्च घे आणि आत बघ. मधल्या पडद्यावर लालसर-जांभळा, दाबला की मऊ लागणारा फुगवटा दिसला तर तिथे रक्त साठलंय. पडद्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या आवरणातून होतं. साठलेल्या रक्ताने ते आवरण सुटलं की तीन-चार दिवसांत कूर्चा मरू लागते, पू झाला तर त्याहून लवकर. मग नाक मध्येच खोगिरासारखं बसतं, लहान मुलांत त्याची वाढ खुंटते, क्वचित जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून असा फुगवटा दिसला की रात्र असली तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठव. आज आत काही दिसलं नाही तरी उद्या-परवा पुन्हा बोलाव, मुलांना तर नक्कीच. रक्त मागाहूनही साठतं.

वाकडेपणा मात्र थोडा थांबू शकतो. सुजेत काही कळत नाही, तीन ते पाच दिवसांनी परत बघ. मोठ्यांचं हाड साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवावं, मुलांचं आठवड्याभरात, कारण ते लवकर जुळतं. सुश्रुतसंहितेत दबलेलं नाक शलाकेने सरळ करून दोन्ही नाकपुड्यांत नळ्या घालायला सांगितलंय. आजही आम्ही डॉक्टर जवळपास तेच करतो, आणि मला त्याचा फार आदर वाटतो. हाड बसवायची मुदत टळली तर पुढे काही महिन्यांनी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकलं, घशात खारट लागलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. अशा पेशंटला नाक शिंकरू देऊ नकोस, नाकात बोळा कोंबू नकोस, लगेच मोठ्या रुग्णालयात पाठव.

कबड्डीची पोरं ‘फायनल आहे’ म्हणून गळ घालतील. सहा आठवडे मैदान बंद, असं त्यांच्या प्रशिक्षकालाच बोलावून सांग. काही अडलं तर कितीही वाजता मला फोन कर.

तुझी,
मावशी