शेवटची जागा दोघांना का मिळत नाही?

प्रश्न : विमानाचं तिकीट इथला एजंट काढत असतो, त्याच क्षणी लंडनमधला कुणी मोबाइलवरून काढत असतो. मग शेवटची एकच जागा दोघांना कशी विकली जात नाही? आणि इंटरनेट नव्हतं तेव्हा हे कसं जमायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ, तिच्या ओघात पहिली सुटेल. संगणकावरचं आरक्षण इंटरनेटमुळे आलं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते घरोघरी इंटरनेट येण्याच्या तीसेक वर्षं आधीचं आहे.

त्याआधी अमेरिकेतल्या विमान कंपन्या उड्डाणांचा हिशेब कार्डांवर ठेवत. दुसऱ्या गावच्या कचेरीने प्रत्येक वेळी विचारून तिकीट विकायचं म्हटलं तर वेळ जाई. म्हणून पुढे उलटी रीत आली: ‘थांबा’ असा निरोप येईपर्यंत विकत राहा. निरोप पोचायला उशीर झाला की तिकिटं जास्त विकली जात. ते टाळायला थोड्या जागा राखून निरोप लवकर धाडला, तर त्या रिकाम्याच उडत. १९४६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘रिझर्व्हायझर’ हे यंत्र आणलं. जागा आहे की नाही, एवढं ते सांगे. प्रवाशांची नावं मात्र कार्डांवरच राहिली. जागा एकीकडे, नावं दुसरीकडे, घोळ व्हायचाच.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले. सी. आर. स्मिथ हे अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष, ब्लेअर स्मिथ आयबीएमचे विक्रेते. आडनावावरून बोलणं निघालं आणि आरक्षणाच्या कटकटीवर आलं. आयबीएम तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या ‘सेज’ यंत्रणेवर काम करत होती. तीत दूरदूरच्या रडारांची माहिती टेलिफोनच्या तारांवरून संगणकात गोळा होई. रडारच्या जागी तिकीट खिडकी, एवढाच काय तो बदल! (तो प्रत्यक्षात आणायला दहा वर्षं लागली, हे सोडा.) १९६४ पर्यंत अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ ही संगणकी आरक्षण यंत्रणा पूर्णपणे चालू झाली. न्यूयॉर्कजवळ ब्रायरक्लिफ मॅनर इथे दोन आयबीएम ७०९० संगणक होते. एक काम करी, दुसरा तो बिघडला तर म्हणून तयार.

आता पहिली शंका. विकणारे हजार असले तरी गल्ला एकच असतो. उड्डाणाच्या शिल्लक जागांची खरी नोंद कंपनीच्या वतीने एकाच ठिकाणी राहते. दोन मागण्या एकदम आल्या तरी संगणक त्या एकामागून एक घेतो. पहिलीने आकडा शून्यावर आणला की दुसरीला नकार. संकेतस्थळं मात्र पुष्कळदा थोड्या वेळापूर्वीची शिल्लक दाखवतात. त्यामुळे पडद्यावर दिसणारी जागा पैसे भरताना गायब होते. त्यात लबाडीच असते असं नाही.

लबाडी वेगळीकडे झाली होती. १९७६ पासून विमान कंपन्यांनी आपले पडदे ट्रॅव्हल एजंटांना दिले आणि त्यांवर स्वतःची उड्डाणं वर दाखवली. एजंट शक्यतो पहिल्याच पानावरून तिकीट काढत. अखेर १९८४ मध्ये अमेरिकी सरकारला नियम करून हे थांबवावं लागलं.

आणि तिकीट हातात असूनही विमानतळावर ‘जागा नाही’ असं ऐकू आलं, तर लगेच संगणकाची चूक समजू नका. काही प्रवासी येतच नाहीत, या अनुभवावरून अनेक कंपन्या थोडी जास्त तिकिटं जाणूनबुजून विकतात. संगणकाला सुरुवातीचा आकडाच वाढवून दिलेला असतो. तो बिचारा चोख वजाबाकी करतो.