डोंगरमाथ्यावरील हौशी रेडिओ
छत्रपती संभाजीनगरजवळील म्हैसमाळच्या पठारावर दूरदर्शनचा मनोरा उभारला गेला, तो उंचीसाठी. कारण दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. हौशी रेडिओच्या ७ मेगाहर्ट्‌झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरींचे गणित वेगळे आहे. तेथे उंचीपेक्षा मोकळी जागा महत्त्वाची.

या लहरींची लांबी सुमारे ४२ मीटर. म्हणून एरियलची तार दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर लागते. गुंडाळल्यावर ती पाठीवरच्या पिशवीत सहज मावते. मध्यभाग सहा-सात मीटरच्या काठीवर बांधून टोके दोरीने खाली ताणली की काम भागते. तार अशी बुटकी असल्याने लहरी बव्हंशी वर जातात आणि आयनांबर या विद्युत्‌भारित थरावरून परतून, मधल्या डोंगररांगांची अडचण न होता, दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. १९९३ च्या भूकंपात हौशी रेडिओचालकांनी ज्या भागासाठी संदेशवहन केले, ते किल्लारी येथून सरळ रेषेत सुमारे २६५ किलोमीटरवर आहे.

रात्री हा थर विरळ होतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्‌झ व दुप्पट लांबीची तार हवी. केंद्र शासनाचा परवाना परीक्षेनंतर, वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळू शकतो; तेव्हा शाळांनाही हा उपक्रम अवघड नाही. ढग गडगडू लागताच मात्र तार उतरवून पठार सोडावे.